कॉलेजांतील विद्यार्थी आणि गांवाचा खरा हिशेब

सांप्रत आमच्या रावेर, यावल, भुसावळ या भागांत सुटीच्या दिवसांत एक नवीन प्रकार पाहावयास मिळतो. कॉलेजांतील दोन-चार मुलेंमुली हातांत छापील प्रश्नांचे कागद, किंवा अलीकडे नुसता मोबाईल, घेऊन शेताच्या बांधावर अथवा घराच्या ओट्यावर येतात आणि जमीन किती, विहीर किती खोल, केळीला खर्च किती, कर्ज किती, विमा मिळाला काय, असे प्रश्न विचारूं लागतात. शेतकरी कामांत असतो. कोणी "उद्यां या" म्हणतो; कोणी तोंडास येईल तो आंकडा सांगून त्यांची बोळवण करतो; कोणी चहा पाजतो, पण खरें कांहीं सांगत नाहीं. मुलें कागद भरून परत जातात, आणि त्या कागदाचें पुढें काय झालें हें गांवास बहुधा कळत नाहीं.

हा प्रकार यापुढें वाढणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं जाहीर झालें. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीच्या अभ्यासक्रमाचा जो आराखडा घालून दिला, त्यांत हा अभ्यास चार वर्षांपर्यंत नेण्याची सोय आहे; आणि पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षीं स्वतः संशोधन करून तशी पदवी घेतां येते. महाराष्ट्र सरकारनेंही २०२३ सालीं त्याप्रमाणें निर्णय करून वर्गाबाहेर, लोकांत जाऊन करावयाच्या प्रकल्पांस अभ्यासक्रमांत जागा दिली. जळगांव, धुळें व नंदुरबार या तीन जिल्ह्यांचें विद्यापीठ १९९० सालीं जळगांवीं स्थापन झालें असून त्यास हल्लीं कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. त्याच्या कॉलेजांतून अर्थशास्त्र, वाणिज्य, राज्यशास्त्र शिकणारीं मुलें बहुतांशीं आपल्याच घरचीं आहेत. तेव्हां हीं मुलें दारांत आलीं असतां त्यांशीं कसें वागावें, त्यांस काय सांगावें, आणि त्यांच्याकडून काय मागून घ्यावें, याचा विचार शेतकऱ्यांनीं एकदां नीट केला पाहिजे. त्यासाठींच हा लेख आहे.

मागील अनुभव काय सांगतो

विद्यार्थ्यांनीं खेड्याची चौकशी करावी ही कल्पना आजची नव्हे. १९१५ सालीं मद्रास विद्यापीठांत भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून डॉ. गिल्बर्ट स्लेटर हे इंग्लंडहून आले. त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस प्रश्नांची एक यादी करून दिली आणि सुटींत आपापल्या गांवीं गेल्यावर त्या यादीप्रमाणें गांवाची माहिती लिहून आणण्यास सांगितलें. जमीन कोणाकडे किती, पिकें कोणतीं, मजुरी काय, कर्ज कोणाचें, असे ते साधे प्रश्न होते. या माहितीवरून दक्षिणेकडील कांहीं खेड्यांविषयींचें स्लेटर यांचें पुस्तक १९१८ सालीं प्रसिद्ध झालें.

त्या वेळीं हें काम म्हणजे विद्यार्थ्यांचा सुटींतला उद्योग, असेंच पुष्कळांस वाटलें असेल. परंतु पुढें काय झालें तें पाहावें. सुमारें वीस वर्षांनीं प्रो. थॉमस व प्रो. रामकृष्णन् यांनीं त्याच गांवांची पुन्हां पाहणी करविली, व तिचें पुस्तक १९४० सालीं निघालें. त्यांपैकीं इरुवेलपट्टू नांवाच्या एका गांवाची चौकशी त्यानंतर १९६१ सालीं, पुन्हां १९८० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, व पुन्हां २००८ सालीं झाली. म्हणजे १९१६ पासून ९२ वर्षांचा एका खेड्याचा इतिहास आज उपलब्ध आहे. जमिनी कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेल्या, मजुरांची स्थिति सुधारली कीं बिघडली, शेतीवर पोट भरणारे किती उरले, हें तेथें अंदाजानें बोलावें लागत नाहीं. एका विद्यार्थ्यानें सुटींत लिहिलेला पहिला कागद जपून राहिला, म्हणून हें शक्य झालें. आपल्या तालुक्यांतील कोणत्या गांवाचा असा कागद आहे?

आतां महाराष्ट्रांतील उदाहरण घेऊं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं कॉलेजांतील आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवाची घरोघर चौकशी केली व ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. गांवच्या जुन्या कागदांशीं ताडून पाहतां त्यांस असें आढळलें कीं, १७७१ सालीं त्या गांवांत सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. दीडशेंच्या वर खातेदार, आणि त्यांचे तुकडे मात्र सातशेंच्या वर. बहुसंख्य खातेदारांचें पोट नुसत्या शेतीवर भरत नव्हतें. शेतकऱ्यास हें अनुभवानें ठाऊक होतेंच. पण "ठाऊक आहे" आणि "मोजलें आहे" यांत अंतर आहे. सरकारदरबारीं मोजलेल्या गोष्टीवरच वाद होऊं शकतो.

तसा वाद झालाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९१८ सालीं लहान धारणांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. धारणा लहान कीं मोठी हें नुसत्या एकरांवर ठरत नाहीं, त्या जमिनीस बैल, अवजारें व भांडवल किती जोडतां येतें यावर तें अवलंबून आहे. आणि शेतीवरील जादा माणसांस उद्योगधंद्यांत काम मिळाल्याशिवाय नुसते तुकडे जोडून भागणार नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२७ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत लहान धारणांविषयींचें बिल आलें, तेव्हां त्यांनीं त्यास विरोध केला. तें बिल मागें पडलें. पुढें १९३६ च्या डिसेंबरांत आपल्या शेजारच्या फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें. तेथें शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, व ज्या धारणेंत कुटुंबाचा निर्वाह होत नाहीं तिला सारा व खंड माफ असावा अशी मागणी त्यांत होती. अखेर १९४७ सालीं तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला. हें सारें एका गांवच्या चौकशीनें घडलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु निर्वाह होणारी धारणा कोणती व न होणारी कोणती, हें बोलण्यास आधार लागतो, आणि तो आधार अशा घरोघर केलेल्या मोजणींतून मिळतो, एवढें यावरून निश्चित दिसतें.

पुण्यास १९३० सालीं रा. ब. काळे यांच्या देणगीनें गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, व प्रो. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांच्या आरंभींच्या कामांत पुण्याच्या बाजारांत येणाऱ्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी होती. ती १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. बागेंतून निघालेलें फळ गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंत वाटेंत कोण किती घेतो, हा प्रश्न केळी पिकविणाऱ्या आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नकोच.

सरकारी कागद आणि घरची चौकशी

कोणी विचारील कीं, सरकारचे कागद असतांना पोरांनीं पुन्हां तेंच कां विचारावें? आमची सारी चाकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली, सबब याविषयीं चार शब्द अधिकारानें लिहितां येतात.

सात-बारा, आठ-अ, पीकपाहणी, पैसेवारी हे कागद अत्यंत मोलाचे आहेत. परंतु ते ज्या कामासाठीं केले त्याच कामाचे आहेत. सात-बारावर जमीन कोणाची व पीक कोणतें हें कळतें. तें पीक काढण्यास घरांतील किती माणसें किती दिवस राबलीं हें कळत नाहीं. खातें एकाच्या नांवावर असतें, कसणारे तिघे भाऊ असतात. बटाईनें करणारा पुष्कळदां कागदावर येतच नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करतां येऊं लागली, हें चांगलें झालें. तरी त्या नोंदींतही खर्च, कर्ज व मजुरी यांचें नांव नाहीं.

दुसरी गोष्ट गोषवाऱ्याची. गांवचा आंकडा मंडळांत जातो, मंडळाचा तालुक्यांत, तालुक्याचा जिल्ह्यांत. प्रत्येक पायरीवर बेरीज होते, आणि प्रत्येक बेरजेंत माणूस थोडाथोडा दिसेनासा होतो. जिल्ह्याच्या तक्त्यावर अमुक हजार हेक्टर केळी एवढेंच उरतें. त्यांतील किती केळी पाण्यावांचून उन्हाळ्यांत माना टाकते, तें तक्ता सांगत नाहीं. विद्यार्थी याच्या उलट वाटेनें जातो. तो थोडीं घरें घेतो, पण प्रत्येक घरीं सर्व विचारतो. दोन्ही कागद शेजारीं ठेविले म्हणजे वस्तुस्थिति दिसूं लागते.

एक प्रश्न, आणि त्यांतील खड्डे

परंतु अशी चौकशी नीट झाली तरच उपयोगी. नीट न झालेली चौकशी न केलेल्या चौकशीहून वाईट, कारण ती छापली जाते व पुढें खरी मानली जाते. केळीचेंच उदाहरण घ्या. विद्यार्थी विचारतो, "नाना, केळीला एकरीं खर्च किती येतो?" नाना सांगतात, "बेटा, आम्ही हजारीं मोजतों. हजार झाडांमागें अमुक इतका धर." मुलगा तोच आंकडा एकराच्या रकान्यांत भरतो. आतां पांच फूट बाय पांच फूट लागण असेल तर एकरांत सुमारें १,७४२ झाडें बसतात. सहा बाय पांच असेल तर १,४५२. म्हणजे पांच बाय पांचच्या बागेचा हजारीं खर्च एकरीं म्हणून लिहिला कीं शंभर रुपयांच्या ठिकाणीं कागदावर सत्तावन्नच पडले! अशा पन्नास कागदांची सरासरी काढली म्हणजे केळी हें फार स्वस्तांत पिकणारें पीक आहे असा निष्कर्ष निघावयास उशीर नाहीं. नवती बाग कीं पिलबाग, मृगबाग कीं कांदेबाग, हें न विचारतां काढलेला खर्चही असाच फसवा असतो. कारण पिलबागेस नव्या रोपांचा खर्च नसतो, व दोन्ही बहारांस पाणी, थंडी व वारा सारखे लागत नाहींत.

दुसरा खड्डा घरच्या कष्टांचा. खर्च विचारला म्हणजे शेतकरी रोपें, खत, औषध, ठिबक, मजुरी यांची रक्कम सांगतो. स्वतःचे, बायकोचे व मुलांचे दिवस तो धरीत नाहीं. स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतः घातलेल्या पैशाचें व्याज तर मनांतही येत नाहीं. केंद्र सरकारनें १९६५ सालीं शेतमालाच्या किंमतींविषयीं आयोग नेमला, तेव्हांपासून दिल्लीस याच गोष्टीवर वाद चालला आहे. रोख व जिनसी खर्च हा एक हिशेब. त्यांत घरच्या माणसांची मजुरी मिळविली म्हणजे दुसरा. त्यांतच स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज धरलें म्हणजे तिसरा. पहिल्या हिशेबानें जो शेतकरी नफ्यांत दिसतो तोच तिसऱ्या हिशेबानें तोट्यांत असूं शकतो. केंद्राच्या हमीभावाच्या यादींत केळी नाहींच. तेव्हां केळीचा खर्च कोणत्या हिशेबानें काढावा हें आपण व आपल्या मुलांनींच ठरवून लिहिलें पाहिजे. पीककर्जाची मर्यादा ठरवितांनाही जिल्ह्याची समिती एकरी वा हेक्टरी खर्चाकडेच पाहते, हें विसरूं नये.

तिसरा खड्डा सरासरीचा. दहा शेतकरी घ्या. नऊ जणांकडे प्रत्येकी २ एकर व एकाकडे ४२ एकर. एकूण ६० एकर. सरासरी ६ एकर. त्या दहांत ६ एकरांचा धनी एकही नाहीं! यासाठीं विद्यार्थ्यानें सरासरी अवश्य काढावी, पण तिच्याशेजारीं कोणाकडे किती हा तक्ता दिल्यावांचून राहूं नये.

चौथा खड्डा घरें निवडण्याचा. मुलें साहजिकच सडकेच्या कडेचीं, ओळखीचीं, मोठ्या ओसरीचीं घरें गांठतात. नाल्यापलीकडचा कोरडवाहू शेतकरी, सालदार, बटाईवाला, विधवा खातेदारीण हीं राहून जातात. पीककापणीच्या प्रयोगांस शास्त्रीय रूप देतांना डॉ. सुखात्मे व डॉ. पानसे या दोघां महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांनीं हेंच शिकविलें कीं, सोईचें शेत निवडूं नये. कोणतें शेत कापावयाचें हें चिठ्ठीनें ठरवावें. विद्यार्थ्यांनींही आठ-अची किंवा घरांची यादी घेऊन चिठ्ठ्या टाकाव्या आणि जें घर निघेल तेथेंच जावें, मग तें कितीही दूर असो. मजुरांचीं घरें आठ-अमध्यें सांपडत नाहींत, त्यांची यादी निराळी करावी. आणि घरांतील बाईसही विचारावें. दुधाचा, शेळीचा व बचतगटाचा हिशेब बहुधा तिच्याजवळच असतो.

शेतकरी खरें कां सांगत नाहीं

आतां आपल्या बाजूचेंही बोललें पाहिजे. शेतकरी उत्पन्न कमी सांगतो, कारण कर किंवा सवलत जाण्याची भीति वाटते. कोणी जास्त सांगतो, कारण घरांत लग्नाचीं मुलें आहेत व शेजारी ऐकत आहे. कर्ज लपवितो, कारण लाज वाटते. विमा मिळाला असला तरी "कसला विमा" म्हणतो, आणि न मिळालेलाही तेंच म्हणतो. मग दोघांतील भेद कागदावर उमटतच नाहीं.

ही भीति अगदीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिचा परिणाम काय होतो? उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ येऊन बाग आडवी होते, तेव्हां आपण म्हणतों, सरकारास आमचा खर्च ठाऊक नाहीं. तो ठाऊक करून देण्याची वेळ आली होती तेव्हां आपण "उद्यां या" म्हटलें होतें. विम्याचेंही तसेंच आहे. प्रत्येक शेताचें नुकसान स्वतंत्र मोजणें शक्य नाहीं, सबब सबंध क्षेत्र हा घटक धरावा, असा विचार प्रो. वि. म. दांडेकर यांनीं १९७६ सालीं मांडला. आणि आपल्या देशांतील पीकविमा पुढें त्याच दिशेनें गेला. केळीचा विमा हवामानावर आधारलेला आहे. महसूल मंडळांतील केंद्रावर तापमान व वारा यांची जी नोंद होईल तिच्यावर भरपाई ठरते. आतां केंद्र एका ठिकाणीं, सातपुड्याच्या पायथ्याची बाग दुसऱ्या ठिकाणीं, आणि तापीकांठची तिसऱ्या. थंडी व वारा तिन्ही ठिकाणीं सारखे असतातच असें नाहीं. हा फरक किती पडतो, हें तारीखवार लिहून ठेवणारा कोणी तरी हवा. तालुक्यांतील दहा विद्यार्थ्यांनीं एक हिवाळा व एक उन्हाळा हें काम नेटानें केलें, तर जी तक्रार आज चावडीवर विरून जाते तिच्या हातीं कागद येईल.

दारांत विद्यार्थी आला असतां

म्हणून आमची शेतकरी बंधूंस सूचना अशी आहे. विद्यार्थी आला म्हणजे प्रथम त्यास कॉलेजचें पत्र विचारावें व चौकशी कशासाठीं आहे हें सांगावयास लावावें. आपलें नांव छापलें जाणार नाहीं, असें त्याच्याकडून वदवून घ्यावें. आधार क्रमांक, बँकेचा खातेक्रमांक किंवा मोबाईलवर येणारा गुप्त आंकडा कोणासही सांगूं नये. खऱ्या अभ्यासास त्यांची गरज नसते, आणि जो ते मागतो तो विद्यार्थी नव्हे असें समजावें. एवढी खात्री झाल्यावर मात्र खरें सांगावें. जें सांगावयाचें नसेल तें "सांगत नाहीं" असें स्पष्ट म्हणावें. रिकामा रकाना हिशेब बिघडवीत नाहीं, खोटा आंकडा बिघडवितो. वेळ नसेल तर दुसरी वेळ द्यावी, आणि ती पाळावी.

याहून महत्त्वाची सूचना म्हणजे घरीं एक वही ठेवावी. आठवणीनें सांगितलेला खर्च आणि वहींतून सांगितलेला खर्च यांत केवढा फरक पडतो हें ज्यानें वही ठेविली आहे त्यालाच कळतें. वहींत तारीख, काम, घरचीं माणसें किती, बाहेरचीं किती, पैसे किती, व माल विकतां वजन किती, जाहीर भाव काय व हातांत भाव काय पडला, एवढें लिहिलें तरी पुरे. केळीचा जाहीर भाव आणि बांधावर प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतील अंतर हाच एक मोठा अभ्यासाचा विषय आहे, आणि त्याचीं साधनें शेतकऱ्याच्या वहीशिवाय अन्यत्र कोठेंही नाहींत.

शेवटची अट सर्वांत मोठी. चौकशी पुरी झाल्यावर विद्यार्थ्यानें तिचा निष्कर्ष गांवांत येऊन मराठींत वाचून दाखविला पाहिजे. ग्रामसभा असो, विकास सोसायटीची वार्षिक सभा असो, कीं पारावरील बैठक असो. ज्यांनीं माहिती दिली त्यांस ती परत मिळाली पाहिजे. याचा लाभ दोघांस आहे. हजार झाडें व एकर यांचा घोटाळा झाला असेल तर तो त्या सभेंत पांच मिनिटांत कोणी तरी दाखवील. परीक्षकास तो वर्षभर दिसणार नाहीं. आणि गांवासही आपलें रूप एकदां आरशांत पाहावयास सांपडेल. त्या निबंधाची एक प्रत सोसायटीच्या किंवा शाळेच्या कपाटांत ठेवावी. वीस वर्षांनीं दुसरा विद्यार्थी येईल तेव्हां त्यास ती लागेल.

विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस

विद्यार्थ्यांसही दोन शब्द. फार मोठा विषय घेऊं नये. "भारतीय शेतीचे प्रश्न" यावर पुस्तकें पुष्कळ आहेत. आपल्या गांवांत दहा वर्षांपूर्वीं किती विहिरींस उन्हाळ्यांत पाणी असे व आज किती बोअर कोरडे पडले. सालदाराचें साल काय ठरतें व उचल किती असते. केळी कापणाऱ्या टोळींतील माणसांस कामावांचून किती दिवस काढावे लागतात. कॉलेजांत शिकलेल्या किती मुलांनीं शेती धरली व किती शहरांत गेले. असे लहान विषय घ्यावे आणि पुरे करावे. स्वतःचें गांव घेतल्यास भाषा, मापें, नातींगोतीं सारें ठाऊक असतें. पण त्यांत एक जबाबदारीही आहे. चुलत्याचें कर्ज किंवा शेजाऱ्याचा तोटा चौकशींत कळला तर तो कागदावर आंकडा म्हणून राहावा, चावडीवर गोष्ट म्हणून जाऊं नये. असें एकदां झालें कीं त्या गांवांत पुढच्या विद्यार्थ्यास कोणीही खरें सांगणार नाहीं. आणि न गेलेल्या घराचा कागद खोलींत बसून भरणें हा तर लबाडीचा कळस होय. तलाठ्यानें शेतावर न जातां पीकपाहणी लिहिली म्हणजे आपण रागावतों. आपणही तेंच करावयाचें काय?

वडीलधाऱ्यांचा नेहमींचा प्रश्न असतो कीं, मुलगा-मुलगी अर्थशास्त्र शिकून काय करणार? नोकरीचें उत्तर आम्ही देऊं शकत नाहीं. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या शेती झाली आणि एकदांही ताळेबंद मांडला गेला नाहीं, त्या घरांतील मुलीनें एका वर्षाचा खरा ताळेबंद मांडून वडिलांपुढें ठेविला, तर तिच्या शिक्षणाची फी तेथेंच फिटली असें आम्ही समजूं. कोणता तुकडा पोसतो व कोणता खातो, हें त्या घरास प्रथमच कळलेलें असेल.

पिंपळें सौदागर हें गांव आज पिंपरी-चिंचवड शहरांत गेलें आहे. तेथें नांगर राहिला नाहीं, पण १९१७ सालीं तेथील शेतकरी कसा राहत होता हें आजही वाचतां येतें. आमच्या तालुक्यांतील विहिरी खोल जात आहेत, पिकें बदलत आहेत, तरुण माणसें बाहेर पडत आहेत. हा बदल होत असतांना त्याची नोंद कोणी घ्यावयाची? सरकारी तक्त्यांत ती सर्व मावणार नाहीं. विद्यार्थी लिहावयास तयार आहेत. त्यांस खरें सांगणारे शेतकरी हवेत. येत्या सुटीपूर्वीं प्रत्येक गांवच्या सोसायटीनें जवळच्या कॉलेजास पत्र लिहून आपल्या गांवास हव्या असलेल्या एका चौकशीचा विषय स्वतःहून कळवावा, व चौकशीनंतर ती ऐकण्यासाठीं सभा बोलावण्याचें आश्वासन त्याच पत्रांत द्यावें, अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंति आहे.